साहेबांसाठी रंगवलेला जिना

रंगाऱ्याच्या कपड्यांवर रंगाचा एक शिंतोडा शोधून दाखवा अशी पैज कुणी लावली असती, तर आख्खी गल्ली हरली असती. सकाळी हा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून कामावर जायचा आणि संध्याकाळी त्याच शर्टात, त्याच घड्यांसह परत यायचा. मधल्या वेळात कामाचे कपडे कुठे जायचे, कोपरापर्यंत रॉकेलनं हात कधी धुतले जायचे, ते त्याचं त्यालाच माहीत. नवख्या माणसाला वाटायचं, कुठल्या तरी ऑफिसात कारकून असेल. त्यालाही तसं वाटलेलं आवडायचं, उगाच कशाला लपवा.

कामात मात्र त्याचा हात धरणारा नव्हता. रंग काय, कुणीही फासतो. खरी कसोटी लांबीची. भिंतीतल्या भेगा, खड्डे, खिळ्यांची भोकं बुजवायची जी लुकण असते, तिला रंगारी लोक लांबी म्हणतात. ती पातळ पत्र्यानं ओढून भरायची, वाळली की घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. ज्यांच्या हाताखाली तो शिकला ते उस्ताद म्हणायचे, ‘लांबी अशी भर, की तडा कुठे होता ते भिंतीलाही आठवू नये.’ हे वाक्य त्यानं लहान वयात ऐकलं आणि जन्मभर जपलं. त्याच्या हातून गेलेल्या भिंतीवरून डोळे मिटून तळवा फिरवला तर काच पुसल्यासारखं वाटायचं. घर विकायला काढलेले लोक त्याला आवर्जून बोलवायचे. गिऱ्हाईक घर बघायला येणार त्याच्या आधी हा यायचा, भेगा बुजवायचा, दोन हात रंग मारायचा आणि शर्ट बदलून निघून जायचा. पुढे त्या घराचं काय झालं, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. आपण भिंतीचं औषधपाणी करतो, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

त्याची बायको बसमध्ये कंडक्टर. नवरा जेवढा मुखदुर्बळ तेवढी ही तोंडाची फटकळ. घरात दोघांपैकी एकाला तरी बोलावं लागतं, आणि ते काम लग्नानंतर पहिल्याच दिवशी तिनं अंगावर घेतलं होतं. ‘पुढे सरका, पुढे सरका, दारात उभं राहून तिकीट स्वस्त होत नाही,’ असं ती म्हणाली की भरलेल्या बसमध्येही कुठून तरी जागा निघायची. तिचा एक रुबाब होता. चालती बस वळणावर कितीही कलंडो, ब्रेक कितीही जोरात लागो, ती दांड्याला हात लावायची नाही. दोन पाय जरा फाकवून, खांद्याला थैली लावून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती अशी जायची, जणू घरच्या ओट्यापाशी उभी आहे. नवी पोरं कामाला लागली की डेपोतले लोक त्यांना सांगायचे, बाईंचे पाय बघा. रंगारी कधी तिच्या बसमध्ये चढला तर मागच्या बाकावर बसून हेच बघत राहायचा. तिला ते कळायचं. ‘तिकीट काढा आधी,’ ती म्हणायची, ‘बघायचे पैसे वेगळे.’

दोघं राहायची ती इमारत तीन मजल्यांची. मधल्या मजल्यावर हे दोघं. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक ताई, दिवसभर यंत्राची खडखड. तळमजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा, ज्यांच्या घरातली कुठलीही दोन घड्याळं सारखी वेळ सांगायची नाहीत. आणखीही बिऱ्हाडं होती, पण कुठल्याही कामाला पुढे असायची ती हीच माणसं. जिना मागच्या बाजूला, एका अंगानं उघडा. आजोबांच्या दारापासून निघून तो अर्ध्यावर वळायचा, आणि जिथे वळायचा तिथे उभं राहायला जरा मोठा टप्पा होता. ताई तिथे कापडांचा गठ्ठा टेकून दम खायच्या, रंगारी तिथे उभा राहून बायकोची वाट बघायचा.

त्या टप्प्याला तडा गेला होता.

आधी तो भिंतीच्या कडेनं केसासारखा दिसायचा. मग त्यात पोस्टकार्ड जाईल एवढा झाला. खालून पाहिलं तर गिलाव्याचे पोपडे सुटलेले, आणि त्यातून गंजक्या सळया डोकावणाऱ्या. पावलं जोरात पडली की आजोबांच्या उंबऱ्यावर चुन्याचा भुगा सांडायचा, आणि आजोबा दुपारी एकदा झाडू घेऊन तो गोळा करायचे. घरमालक दुसऱ्या गावाला. त्याला कळवलं की तो ‘बघू’ म्हणायचा. बघू या शब्दावर त्या माणसानं आयुष्य काढलं.

‘हा टप्पा एक दिवस कुणाला तरी घेऊन जाणार,’ कंडक्टरबाई म्हणाली. ‘ताई गठ्ठा घेऊन चढतात तेव्हा माझा जीव वर-खाली होतो. मालक काही करत नाही, तर पालिकेला करायला लावू.’

आणि ती मागे लागली. आठवड्याची एकच सुट्टी, ती तिनं वॉर्ड ऑफिसच्या बाकड्यांवर घालवायला सुरुवात केली. त्या ऑफिसचं वर्णन करण्यात हशील नाही, तुम्ही गेलाच असाल. या खिडकीवरचा माणूस त्या खिडकीकडे बोट दाखवायचा, त्या खिडकीवरचा जेवायला गेलेला असायचा. साहेब कायम साइटवर. पण समोर कोण आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. जन्मभर लोकांना पुढे सरकवणारी बाई, ती स्वतः मागे कशी राहील? ‘मी बसते,’ ती म्हणायची, ‘साहेब कुठल्या ना कुठल्या स्टॉपवर उतरतीलच.’ पुढे पुढे शिपाई तिला पाहूनच पाणी आणून द्यायला लागला. रंगारी तिला चिडवायचा, तू आता तिथेच नोकरी धर. पण मनातून त्याला अभिमान वाटायचा. आपल्याला जे जन्मात जमलं नसतं ते ही बाई करते आहे, हे तो जाणून होता.

शेवटी तिनं ते जमवलंच. पालिकेचे इंजिनिअर साहेब स्वतः येऊन जिना बघणार, असा निरोप आला. उद्या दुपारी. तिची सकाळची पाळी होती. ‘मी ड्यूटी संपवून परस्पर ऑफिसात जाते आणि त्यांना हाताला धरूनच आणते,’ ती म्हणाली. ‘नाही तर वाटेत पुन्हा कुठल्या साइटवर गळतील.’ तिनं शेजाऱ्यांना सांगितलं, सगळ्यांनी घरी थांबा, म्हणजे चार तोंडांनी सांगता येईल. आणखी काही सांगायला हवं, असं तिच्या मनातही आलं नाही. कसं येणार? आजारी माणसाला डॉक्टरकडे नेताना त्याच्या तोंडाला पावडर लावू नका, असं कुणी कुणाला सांगतं का?

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच कामावर गेली. ऊन वर आलं तशा ताई झाडू घेऊन जिन्यात उतरल्या.

‘एवढा मोठा साहेब येणार,’ त्या म्हणाल्या, ‘आणि ही जळमटं? काय म्हणेल तो, ही माणसं राहतात की गुरं?’

बस, तिथून सुरू झालं. कुणी येणार म्हटलं की आधी घर आवरायचं, हे आपल्या हाडात भिनलेलं. ताईंनी जळमटं काढली. दुसऱ्या बिऱ्हाडातल्या बाईनं पायऱ्या धुतल्या. आजोबांनी कठड्याला फडकं मारलं आणि दाराशी एक कुंडी आणून ठेवली. हे सगळं झाल्यावर सगळ्यांच्या नजरा भिंतीकडे गेल्या, आणि भिंतीकडून रंगाऱ्याकडे.

‘घरात रंगारी असून आपली भिंत ही अशी,’ ताई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोचणं नव्हतं, पण टोचलं.

रंगाऱ्यानं त्या दिवशी कामावर खाडा केलाच होता. तो म्हणाला, नुसता खालचा मळका पट्टा तेवढा घेतो, तडा आहे तसाच ठेवतो. मनापासून म्हणाला. त्यानं शिडीचा घोडा लावला, पोपडे काढले, पांढऱ्याचा एक हात मारला. आणि झालं असं की भिंत जसजशी उजळत गेली तसतसा तो तडा जास्तच भेसूर दिसायला लागला. मघाशी मळकटपणात तो कसाबसा खपून जात होता. आता पांढऱ्याशुभ्र भिंतीवर तो असा दिसत होता, की बघणाऱ्याला दुसरं काही दिसूच नये. रंगारी मागे सरून बघत राहिला. उस्तादांनी हे पाहिलं असतं तर पाठीत धपाटा घातला असता.

त्याच्या हातात लांबी भरायचा पत्रा केव्हा आला, ते त्याला कधीच नीट सांगता आलं नाही. एवढं आठवतं, की त्यानं मनाची समजूत घातली होती. तडा होता हे ती तोंडानं सांगेलच. तिच्या तोंडापुढे कुणाचं काय चालणार आहे? आपण फक्त बघणाऱ्याला घाण दिसू नये एवढं करू. मग तडा भरला. खालचे पोपडे भरले. सळयांवरचा गंज घासून त्यावरही हात फिरवला. लांबी वाळेना, तेव्हा ताईंनी घरातला टेबलफॅन आणला, लांब वायर वरून सोडली, आणि आजोबा तो फॅन दोन्ही हातांत धरून अर्धा-पाऊण तास एखाद्या लहान मुलाला धरावं तसे उभे राहिले. सगळे हसत होते. इतकी माणसं त्या जिन्यात एकत्र येऊन इतकी हसल्याचं त्याआधी कधी घडलं नव्हतं, आणि नंतर तर नाहीच. वरून दुसरा हात मारला, आणि रंगाऱ्यानं डोळे मिटून तळवा फिरवला. भिंतीला काही आठवत नव्हतं.

त्यानं हात धुतले, इस्त्रीचा शर्ट घातला. पत्रा तेवढा सवयीनं खिशात राहिला.

दुपारी ती साहेबांना घेऊन आली. साहेब वयानं तिच्या लेकीएवढे, चष्मा घामानं घसरलेला, हातात विजेरी आणि एक लहानशी हातोडी. सकाळपासून बऱ्याच इमारती बघून झाल्या असाव्यात, कारण आल्या आल्या त्यांनी पाणी मागितलं. ‘हा बघा जिना,’ म्हणत ती पुढे झाली, आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीवर थांबली.

साहेबांनी विजेरी खालून फिरवली, वरून फिरवली. हातोडीनं इथे टक, तिथे टक केलं. ‘बाई, इथे तर काहीच नाही.’

‘इथे तडा होता. काल होता.’

‘काल होता आणि आज नाही,’ साहेब हसून म्हणाले, ‘म्हणजे दुरुस्त झाला. चांगलंच की.’

‘दुरुस्त नाही झाला. वरून बुजवलाय.’ ती नवऱ्याकडे वळली. तिचा आवाज इतका खाली आलेला त्यानं कधी ऐकला नव्हता. ‘अहो, जरा खरवडा ते.’

पत्रा खिशात होता. एक ओढ मारली असती तर लांबीची ओली वात गळून पडली असती, आणि आतला तडा साहेबांच्या नाकासमोर उघडा झाला असता. एवढंच काम होतं. रंगाऱ्यानं खिशात हातही घातला. मग त्यानं ती भिंत पाहिली. भोवती उभे असलेले शेजारी पाहिले. आणि तो म्हणाला, ‘ओलं आहे अजून. खराब होईल.’

साहेबांनी भिंतीवरून बोट फिरवलं. ‘काम मात्र सुरेख आहे. कुणी केलं?’

‘मी,’ रंगारी म्हणाला.

आयुष्यभर त्यानं लोकांची घरं चकचकीत केली. कुणी रंगाच्या कंपनीचं नाव विचारलं, कुणी छटेचं नाव विचारलं, पण हे कुणी केलं असं कुठल्याही साहेबानं त्याला विचारलं नव्हतं. त्या एका प्रश्नासाठी तो किती वर्षं ताटकळत होता, हे त्याचं त्यालाही तेव्हाच कळलं. बायकोला तर लख्ख कळलं. म्हणूनच बहुधा ती पुढे बोलली नाही. भरल्या बसमध्ये दांडगटांना खाली उतरवणारी बाई, तिथे नवऱ्याच्या खिशातला पत्रा हिसकावून घेऊ शकली असती. तिनं तसं का केलं नाही? चार लोकांत नवऱ्याचं तोंड उतरवायचं नव्हतं, दुसरं काय. साहेबांनी फोटो काढले, दुरुस्ती झाल्याचं टिपून घेतलं आणि ते पुढच्या इमारतीकडे गेले. फोटोत कुंडीसुद्धा आली.

त्या संध्याकाळी घरात भांड्यांचाच काय तो आवाज. शेवटी तो म्हणाला, ‘रविवारी खरवडून टाकतो. तू पुन्हा बोलाव त्यांना.’

‘बरं,’ ती म्हणाली.

ती पुन्हा वॉर्ड ऑफिसात गेली. तिथे तिला सांगितलं, तुमचं प्रकरण निकाली निघालं, आता पहिल्यापासून अर्ज करा. तिनं केला. पुन्हा त्याच खिडक्या, तोच शिपाई, तेच पाणी. फक्त आता तिथले लोक एकमेकांकडे बघून हसायचे, चांगला रंगवलेला जिना घेऊन येणारी बाई म्हणून.

रविवारी रंगाऱ्याला बाहेर काम निघालं. पुढच्या रविवारी पाहुणे आले. मग कुणी विषय काढेना, आणि त्यालाही तो काढायची निकड वाटेना. खरं सांगायचं तर रंग फार छान बसला होता. जाता-येता त्याची नजर जायची आणि मनाला जरा बरं वाटायचं. ती मात्र वर जाताना भिंतीला चिकटून जायची, ताईंनाही तसंच जायला सांगायची, गठ्ठा टप्प्यावर टेकू द्यायची नाही. रंगारी मुद्दाम मधून चालायचा. काही होत नाही गं, असं त्याला तोंडानं न बोलता सांगायचं होतं. या माणसाला बोलता येत नव्हतं तेच बरं होतं, असं कधी कधी वाटतं, पण न बोलताही त्यानं जे सांगायचं ते सांगितलंच.

टप्पा पडला तो एका साध्या संध्याकाळी, उजेडात. ती कामावरून येत होती, हातात भाजीची पिशवी. रंगाऱ्यानं चहाचं आधण ठेवलं होतं. तिची पावलं त्याला ओळखू यायची. एकेक पायरी ठाम, कुठे घाई नाही. पावलं वळणापर्यंत आली, आणि मग एखादं पोतं ठेवावं तसा आवाज झाला. फार मोठाही नाही. त्यानं दार उघडलं तर पायऱ्या वळणापर्यंत होत्या, आणि पुढे नुसती धूळ आणि त्यातून दिसणारं आजोबांचं दार.

ती त्या दारात पडली होती. जिवंत होती, शुद्धीत होती, आणि आजोबांना सांगत होती, मला हलवू नका, आधी ताईंना ओरडून सांगा, खाली उतरू नका म्हणावं. वरच्या लोकांना नंतर अग्निशमनवाल्यांनी शिडी लावून उतरवलं, रंगाऱ्यालाही. शिडीवरून उतरताना त्याला खाली सगळं दिसलं. ढिगाऱ्यात एक मोठा तुकडा रंगाची बाजू वर करून पडला होता. गुळगुळीत, पांढरा, डाग नाही. सांडलेले टोमॅटो त्याच्यावर पडले होते.

पाय वाचला, पण पूर्वीचा राहिला नाही. कमरेपासून गुडघ्यापर्यंत डॉक्टरांनी जे जोडायचं ते जोडलं. चालता येईल, ते म्हणाले, काठी घेऊन. बसमध्ये उभं राहण्याचं मात्र विसरा. ते ऐकून तिनं मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

ती अजून हॉस्पिटलात होती तेव्हा पालिकेकडून तेच साहेब जबाब घ्यायला आले. तोच चष्मा, तीच विजेरी पट्ट्याला अडकवलेली. पलंगाशी उभे राहून त्यांनी विचारलं, ‘बाई, काय झालं होतं नेमकं?’

‘जुना जिना होता,’ ती म्हणाली. ‘पडला.’

इतके महिने ज्या बाईनं प्रत्येक खिडकीवर खरं तेच आणि सगळं तेच सांगितलं होतं, तिनं हे एवढंच सांगितलं आणि डोळे मिटले. रंगारी स्टुलावर बसला होता. तिनं आपल्याला झाकलं, हे त्याला कळलं. कसं झाकायचं ते त्याच्याइतकं कोण जाणतं?

तो उठून उभा राहिला. ‘साहेब, तो तडा मी बुजवला होता.’

‘माहीत आहे मला,’ साहेब म्हणाले. ‘तुम्हीच सांगितलंत की त्या दिवशी.’

रंगाऱ्याला बसायलाही सुचेना. कबूल करायचं म्हणून मनाशी इतकं घोकलं, आणि ते तर त्यानं चारचौघांत, छाती फुगवून, कधीच कबूल केलेलं होतं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ‘बाई म्हणाल्या होत्या, वरून बुजवलाय म्हणून,’ ते हळूच म्हणाले. ‘मला एक ठोका जोरात मारता आला असता. ऊन होतं, दमलो होतो. आणि भिंत इतकी चांगली दिसत होती, की मारवेना.’

पलंगावरून ती डोळे न उघडता म्हणाली, ‘तुम्ही दोघं बाहेर जाऊन रडा. मला झोप येतेय.’

इमारत रिकामी केली गेली. ताई बहिणीकडे गेल्या, आजोबा मुलाकडे, जाताना सगळी घड्याळं एका पेटीत भरून, प्रत्येकाची टिकटिक वेगळी. रंगारी आणि बायको शहराच्या दुसऱ्या टोकाला एका तळमजल्याच्या खोलीत राहायला आली. तिला डेपोत पास देण्याच्या खिडकीत बसवलं. खिडकीच्या आतल्या बाजूला. पहिल्या दिवशी ती घरी आली तेव्हा म्हणाली, ‘दिवसभर बसून बसून पाय दुखतात. उभं राहून कधी दुखले नव्हते.’ गंमत म्हणून म्हणाली, पण त्याला हसता आलं नाही. तिला डेपोत सोडायला तो रोज बसनं जायचा. आता ती चढल्या चढल्या दांडा धरायची, दोन्ही हातांनी. तो दुसरीकडे बघायचा.

दुसरीकडे बघितलं तरी सुटका नव्हती. बसच्या खिडकीतून त्यानं रंगवलेली घरं जायची. ही पिवळी, ती फिकट निळी, तो कोपऱ्यावरचा दवाखाना. कुठल्या भिंतीत काय दडलंय, ते उस्तादांनी सांगितलं तसं भिंती विसरल्या होत्या, पण रंगाऱ्याला एकेक आठवायला लागलं होतं. काही ठिकाणी तो उतरून गेलाही. दार वाजवून सांगायचा, तुमच्या स्वयंपाकघराच्या वरच्या बाजूला मोठी भेग आहे, मीच बुजवली होती, कुणाला तरी दाखवून घ्या, पालिकेत सांगा. लोक संशयानं बघायचे. काहींना वाटायचं, धंदा मंदावला म्हणून काम शोधत फिरतो. एका घरमालकानं तर कुत्रं सोडायची धमकी दिली. एखाद्या बाईनं मात्र त्याला आत बोलावलं, स्टूल दिलं, आणि त्यानं स्वतःची लांबी स्वतःच खरवडून आतलं दाखवलं. घर विकणाऱ्यांनी त्याला बोलवणं सोडलं. भेग दिसली की हा आधी प्रश्न विचारतो, ही ख्याती झाली म्हटल्यावर कोण बोलावणार. जे काम मिळायचं ते बेताचंच.

या सगळ्या काळात तिनं त्याला बोल लावला नाही. एकदाही नाही. रागावली असती, भांडली असती, दोन दिवस अबोला धरला असता, तर त्याला हलकं वाटलं असतं. ती चहा कडक झाला म्हणून कुरकुरायची, पावडरीचा डबा कुठे ठेवला म्हणून ओरडायची, डेपोतल्या लोकांच्या नकला करायची. त्या दिवसाबद्दल मात्र चकार शब्द नाही. आणि तोही विचारायला धजला नाही.

मग एका सुट्टीच्या दिवशी डेपोतल्या तिच्या मैत्रिणी चहाला येणार होत्या. नव्या घरात पहिल्यांदाच. तिनं खुर्चीत बसून खोलीवर नजर फिरवली. दाराच्या वरच्या बाजूला एक बारीक भेग होती, कोपऱ्यातून तिरकी खाली आलेली. आल्या दिवसापासून ती तिथे होती. रंगाऱ्यानं बाकीची सगळी खोली रंगवली होती, पण तिच्या भोवतीची हातभर जागा तशीच सोडली होती. खोलीला ठिगळ लावल्यासारखं दिसायचं.

‘त्या येणार आहेत,’ ती म्हणाली. ‘ते तेवढं भरून टाका ना.’

‘राहू दे.’

‘नुसत्या गिलाव्याची भेग आहे ती. मलासुद्धा कळतं.’

‘कळत नाही,’ तो म्हणाला. ‘वरून कुणालाच कळत नाही.’

 तिनं काठीनं स्टूल त्याच्याकडे सरकवलं. ‘मग खरवडून बघा.’

तो स्टुलावर चढला. खिशातून पत्रा काढला आणि भेगेवर टेकवला. चुना भुरभुर खाली आला. त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर, बाह्यांवर, चपलांवर. गिलावा गेला, आत वीट दिसली. वीट शाबूत होती. त्यानं बोटानं चाचपलं, बोटाच्या पेरानं ठोकलं. आवाज भरीव आला. तरी तो थांबला नाही. बाजूचं खरवडलं, वरचं खरवडलं, जिथे भेग नव्हती तिथलंही खरवडलं. वीतभर भोक हातभर झालं. त्याच्या डोळ्यांत चुना गेला असावा, कारण ते वाहायला लागले होते.

‘पुरे,’ ती म्हणाली.

तो थांबला. खाली जमिनीवर पांढऱ्या भुग्याचा लहानसा ढीग झाला होता. ती त्याच्याकडेच बघत होती. आवाजात राग नव्हता, त्या दिवशी जिन्यात होता तेवढाच खालचा आवाज होता.

‘त्या दिवशी एवढंच करायचं होतं,’ ती म्हणाली.

तो स्टुलावरून उतरला आणि त्यावरच बसला. पत्रा हातात तसाच. त्यानं बरंच काही बोलायचं ठरवून ठेवलेलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. ‘हो,’ एवढंच तो म्हणाला.

बाहेर मैत्रिणींचे आवाज ऐकू आले, मग दार वाजलं. भिंत उघडी होती, खाली भुगा पडला होता, आणि त्याचा शर्ट पांढरा झाला होता. तो उठला आणि तसाच जाऊन त्यानं दार उघडलं.